केळी टाकायची की नुसतं बसून राहायचं?

जंगलातल्या चिंपांझी-गोरिलांचा अभ्यास करायचा म्हणजे आधी त्यांच्या जवळ जाता यायला हवं, आणि त्याचे दोन रस्ते. जेन गुडॉल १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेला गेल्या, चिंपांझी लांबूनच पळायचे, मग पुढे त्या कॅम्पवर केळी ठेवायला लागल्या. काम एकदम फास्ट झालं, कोण कोणाची आई, कोण दादा, सगळं समोर दिसायला लागलं. पण केळ्यांवरून मारामाऱ्याही वाढल्या, म्हणजे आपण बघतोय ते त्यांचं वागणं की आपल्या केळ्यांचं? (चिंपांझींचं गवताची काडी घालून वारुळातली वाळवी काढणं मात्र केळ्यांच्या आधीच दिसलेलं, हे लोक विसरतात.)

डायन फॉसीनी रवांडात १९६७ पासून खाऊबिऊ काही न देता गोरिलांना माणसाची सवय लावली. खाली वाकून चालायचं, रानटी सेलरी चावायची, त्यांच्यासारखेच ढेकरासारखे आवाज काढायचे. पेशन्सचं काम आहे राव. माझं मत याच बाजूने, आजही बहुतेक असंच करतात. फक्त एक लोचा आहे, माणसाची भीती गेली की ती शिकाऱ्याचीही जाऊ शकते, आणि फॉसींचा लाडका गोरिला डिजिट १९७७ मध्ये शिकाऱ्यांनीच मारला.