मेड-सर्जसाठी ‘कारणांचं पान’: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या अभ्यासासाठी गेलं वर्षभर मी एकच पद्धत वापरते आहे. एका आजाराला एक कोरा ए-फोर कागद, आडवा धरलेला. मधोमध एका वाक्यात लिहायचं की शरीरात मुळात काय बिघडलं आहे. तिथून बाण काढत जायचं: या बिघाडामुळे पुढे काय होतं, त्यामुळे पेशंटमध्ये काय दिसतं, आणि ते दिसल्यावर नर्सने काय करायचं. प्रत्येक बाणावर ‘का’ याचं उत्तर लिहिता आलं पाहिजे. येत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुस्तक उघडायचं. पानाची मागची बाजू कोरी ठेवायची, ती वॉर्डसाठी.

पद्धत माझी नाही. कन्सेप्ट मॅप या नावाने बऱ्याच ठिकाणी केअर प्लॅनबरोबर ती करून घेतात. पण सबमिशनचा मॅप रंगीत पेनांनी सजवून दिला जातो आणि परत आला की कपाटात जातो. इथे मी लिहिते आहे ते रोजच्या वापरातल्या, खाडाखोड झालेल्या पानाबद्दल.

मेड-सर्ज जड जातं ते आजारांच्या संख्येमुळे, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. खरी अडचण मांडणीत आहे. व्याख्या, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार आणि शेवटी नर्सिंग मॅनेजमेंट, प्रत्येक आजार याच मथळ्यांखाली येतो. दहा-बारा आजार वाचून झाले की नर्सिंग मॅनेजमेंट सगळीकडे एकच वाटायला लागतं: व्हायटल्स तपासा, योग्य पोझिशन द्या, इनटेक-आउटपुट लिहा, पेशंटला व नातेवाइकांना धीर द्या. यातलं एकही वाक्य चूक नाही. पण समोरच्या पेशंटच्या बाबतीत यातलं आधी काय करायचं आणि कोणता आकडा दिसला की हातातलं काम टाकून धावायचं, हे त्या यादीतून कळत नाही. ते कळतं कारणांतून.

हार्ट फेल्युअरचं पान घ्या. डावी बाजू रक्त पुढे ढकलायला कमी पडली की ते मागे, म्हणजे फुप्फुसांकडे तुंबतं. म्हणून धाप, स्टेथोस्कोपला क्रॅकल्स (श्वासाबरोबरचे चरचर आवाज), आडवं झालं की जीव घाबरा होणं. उजवी बाजू कमी पडली की रक्त शरीराकडे तुंबतं. म्हणून मानेची शीर फुगलेली, पायावर सूज, यकृत मोठं झालेलं. ही दोन वाक्यं पानावर आली की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही, ती आपोआप मांडता येते. पुढचा बाण फ्युरोसेमाइडचा, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचा: पाणी बाहेर जातं, त्याबरोबर पोटॅशियमही जातं. पोटॅशियम 3.5च्या खाली गेलं आणि पेशंट डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असेल तर डिगॉक्सिनची विषबाधा होण्याचा धोका वाढतो. म्हणून ती गोळी देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (हृदयाच्या टोकावरचे ठोके) मोजायची, मोठ्या माणसात ती 60च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पुस्तकात फ्युरोसेमाइड, पोटॅशियम आणि डिगॉक्सिन तीन वेगळ्या ठिकाणी असतात. पानावर ते एका रेषेत येतात.

रोजच्या वजनाचंही तसंच. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी पाणी काट्यावर दिसतं. हे कळल्यावर रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करण्याचा आग्रह का, हे कुणी सांगावं लागत नाही. त्याआधी मला ते चार्ट भरण्याचं काम वाटायचं.

सर्वांत जास्त फायदा झाला तो वरवर विसंगत दिसणाऱ्या ऑर्डर समजायला. सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या, पेशंटला जुलाबाचं औषध, लॅक्टुलोज, चालू असतं. बद्धकोष्ठता तर नाही, मग कशाला? पान उलगडत गेलं की उत्तर मिळतं: यकृत अमोनिया काढून टाकू शकत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो, आणि लॅक्टुलोज त्याला आतड्यात अडकवून शौचावाटे बाहेर काढतं. म्हणून दिवसाला दोन-तीन मऊ शौच हे उद्दिष्ट असतं. आणि म्हणूनच ‘पेशंट आज जरा गोंधळल्यासारखा बोलतोय, हात पुढे करायला सांगितले तर पंजे फडफडतात’ ही नोंद ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये सगळ्यात आधी सांगायची.

डायबेटिक कीटोअॅसिडोसिसच्या पानावर पोटॅशियमभोवती मी लाल चौकोन काढला आहे. इन्सुलिन नाही आणि रक्त आम्लधर्मी झालं आहे, त्यामुळे पोटॅशियम पेशींतून बाहेर येतं. सुरुवातीच्या रिपोर्टमध्ये ते नॉर्मल किंवा जास्तही दिसू शकतं, पण लघवीवाटे शरीरातला साठा केव्हाच घटलेला असतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलंसुरलं पोटॅशियम पेशींच्या आत जातं आणि रक्तातला आकडा घसरतो. हृदयाचे ठोके बिघडतात ते या टप्प्यावर. इन्सुलिन सुरू करण्याआधी पोटॅशियम का बघायचं, नंतर पुन्हा पुन्हा का तपासायचं आणि मॉनिटर का लावलेला असतो, या तिन्हींचं उत्तर एका चौकोनात आहे. ‘साखर खाली आणायची’ एवढंच डोक्यात असेल तर हा धोका कधी दिसतच नाही.

दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय मला उशिरा लागली, आणि आता ती सुटणार नाही. शॉक (अवयवांना रक्त अपुरं पडणं) आणि डोक्यातला वाढलेला दाब ही जोडी तर प्रत्येकाने एकदा समोरासमोर मांडावी. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये पल्स वाढते आणि शेवटी बीपी पडतं. डोक्यातला दाब वाढला की उलट, सिस्टोलिक (वरचं) बीपी चढतं, पल्स मंदावते, श्वास अनियमित होतो. हा कुशिंग ट्रायड, आणि तो उशिरा दिसतो. त्याच्या कितीतरी आधी शुद्धीची पातळी बदलते, म्हणून ग्लासगो कोमा स्केलचा आकडा तासातासाला लिहायचा. दोन्ही पानं समोर असली की ‘पल्स 52, बीपी 180/70’ हे वाचून ‘पल्स तर चांगली मंद आहे’ असं कुणी म्हणणार नाही.

आता मागच्या कोऱ्या बाजूबद्दल. पोस्टिंगला त्या आजाराचा पेशंट मिळाला की त्याचे आकडे वेळेप्रमाणे तिथे लिहायचे. नाव नाही, बेड नंबर नाही, रजिस्ट्रेशन नंबर तर नाहीच. पान वॉर्डबाहेर जातं, त्यामुळे हा नियम मी कधीच मोडत नाही आणि ज्युनिअर्सनाही मोडू देत नाही.

शॉकच्या पानाची मागची बाजू माझ्याकडे अजून आहे. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट, वॉर्डात येऊन थोडाच वेळ झालेला. ओळी अशा आहेत: पल्स 88, बीपी 118/76. मग 102, 116/80. मग 116, 114/86. बीपीचा वरचा आकडा जवळजवळ हललेलाच नाही. पण पल्स चढते आहे, खालचा आकडा वर सरकतो आहे, दोन्हींमधलं अंतर कमी होतं आहे. शेजारी लिहिलंय: युरिन बॅगेत तासाभरात 20 मिली, हात गार, चादर सारखी ओढतोय. मोठ्या माणसात तासाला 30 मिलीपेक्षा कमी लघवी ही कळवण्याची गोष्ट, आणि अस्वस्थपणा ही मेंदूला रक्त कमी पडल्याची पहिली खूण असू शकते. मी कागद घेऊन इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. त्यांनी आकडे बघितले, पेशंटच्या कुशीखाली हात घातला, आणि ग्लोव्ह्ज रक्ताने माखून आले. वरून ड्रेसिंग कोरडं दिसत होतं, रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली पाठीकडे गेलं होतं. पुढचं सगळं भराभर झालं. पेशंट पुन्हा थिएटरमध्ये गेला आणि सुखरूप परत आला.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर मानेच्या मागे हात घालून बघायचं, ते याच कारणासाठी. ती ओळ मी कितीदा वाचली होती. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या सर्जिकल पानांवर ‘पाठीखाली बघ’ असा एक बाण आहे.

चेस्ट ड्रेनचं, म्हणजे छातीतली हवा आणि पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचं, पान मात्र कागदावर पूर्ण होतच नाही, ते बाटलीसमोर बसूनच पूर्ण करावं लागतं. वॉटर सीलच्या (बाहेरची हवा परत छातीत जाऊ न देणाऱ्या पाण्याच्या) नळीतलं पाणी पेशंटच्या श्वासाबरोबर वरखाली होतं. खोल श्वास घ्यायला सांगा, हालचाल वाढते. खोकायला सांगा, एखादा बुडबुडा येतो. हलणं थांबलं तर दोन शक्यता: फुप्फुस पूर्ण फुगलं, किंवा नळी कुठेतरी दुमडली, अडली. मग आधी पेशंटकडे बघायचं, नंतर छातीपासून बाटलीपर्यंत बोटाने नळीचा माग काढायचा. बहुतेक वेळा पेशंट त्याच नळीवर कूस वळून झोपलेला असतो. सतत बुडबुडे येत असतील तर कुठेतरी हवा गळते आहे. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली, एक्स-रेला नेतानाही. हे लिहायला पाच ओळी लागतात, पण नजरेला बसायला अर्धी दुपार जाते, आणि ती अर्धी दुपार द्यावी.

आता जिथे ही पद्धत कमी पडते ते. पहिलं म्हणजे वेळ. एक नीट पान व्हायला अख्खी संध्याकाळ जाते. परीक्षा तोंडावर असताना नवीन पानं करायला बसू नये. तेव्हा जुनी पानं झाकून, कोऱ्या कागदावर आठवणीने पुन्हा काढावी. खरा पक्केपणा त्या दुसऱ्यांदा काढण्यात येतो.

दुसरं, जिथे ‘का’ला फारसा अर्थ नाही तिथे पान निरुपयोगी आहे. धमनीतल्या रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, बायकार्बोनेट 22 ते 26 हे आकडे पाठच करायचे. औषधांची नावं, बर्न्सचा रूल ऑफ नाइन्स (शरीराचा किती टक्के भाग भाजला ते काढायचा), क्रेनियल नर्व्हचे क्रमांक, सगळं तसंच. यासाठी मी छोटी कार्डं वापरते आणि बसमध्ये, रांगेत उलटत असते. पण पार्कलँड फॉर्म्युला, म्हणजे भाजलेल्या पेशंटला पहिल्या चोवीस तासांत शिरेतून किती द्रव द्यायचं त्याचा हिशोब, पानावर हवा. 4 मिली गुणिले वजन गुणिले भाजलेली टक्केवारी हे कार्डावर मावतं. त्यातला अर्धा भाग पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास भाजल्याच्या वेळेपासून मोजायचे, दाखल झाल्याच्या नाही, हे मात्र केशवाहिन्यांतून पाणी कधी गळतं ते समजल्यावरच डोक्यात राहतं.

तिसरं, लेखी पेपर. तिथे मथळ्यांप्रमाणे उत्तर लागतं आणि व्याख्येला मार्क असतात. पानावरून थेट उत्तर लिहिलं तर परीक्षकाला हवा असलेला मुद्दा बाणांत हरवतो. मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात व्याख्या आणि तपासण्यांची नावं लहान अक्षरात लिहून ठेवते, तेवढ्याने काम भागतं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मात्र ही पानं फार उपयोगी पडतात, कारण तिथे पुढचा प्रश्न जवळजवळ नेहमी ‘का?’ असतो.

तयार पानं कुणाकडून घेऊ नका, माझीही नाही. मैत्रिणीने मागितली म्हणून मी काही दिली होती. तिने ती पुन्हा धड्यासारखी पाठ करायला घेतली, मग दोघी बसून तिची नवी काढली. तिच्या सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) पानावर 88 ते 92 टक्के ऑक्सिजन सॅच्युरेशनचा बाण माझ्यापेक्षा चांगला आहे, तो मी माझ्या पानावर उतरवून घेतला. दोघींनी एकच आजार वेगवेगळा काढायचा आणि मग एकमेकींच्या बाणांवर ‘का’ विचारायचं, ही यातली सर्वांत चांगली सुधारणा.

टॅबवर काढून बघितलं. पुसणं सोपं, जागा अमर्याद, आणि तीच अडचण: पान वाढत जातं, काय महत्त्वाचं ते ठरवावं लागत नाही. कागद संपतो म्हणून निवड करावी लागते. शिवाय वॉर्डात टॅब काढता येत नाही, घडी केलेला कागद खिशात राहतो.

सुरू करायचं असेल तर हार्ट फेल्युअर, शॉक आणि कीटोअॅसिडोसिस या तिघांपासून करा. पाणी, दाब, पोटॅशियम आणि ऑक्सिजन यांचे मुख्य बाण या तीन पानांत येऊन जातात आणि किडनी, लिव्हर, बर्न्सच्या पानांवर तेच पुन्हा भेटतात. ऑर्थो आणि डोळ्यांचे विषय शेवटी घेतले तरी चालतात. माझी सध्या न्यूरोची पानं चालू आहेत, आणि स्ट्रोकच्या पानावर अजून चार प्रश्नचिन्हं शिल्लक आहेत.