पीएम २.५ मोजायचं घरगुती मीटर : घ्यावं की नको?

पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, ते घरी मोजणाऱ्या मीटरचा आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ जायला नको. पाचपैकी चार स्टार, आणि एअर प्युरिफायर घ्यायचा विचार चालू असेल तर आधी हे घ्या, मग प्युरिफायरचं बघा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीच्या बऱ्याच मीटरमध्ये आत त्याच प्रकारचा सेन्सर असतो, वरचं कव्हर आणि अॅप तेवढं वेगळं, त्यामुळे मी जे लिहितेय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

मुठीत मावेल एवढा डबा आहे. मागे जाळी, आत छोटासा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेझर पडतो आणि कणांवरून उजेड कसा विखुरतो त्यावरून पीएम २.५ चा आकडा काढतो. स्क्रीनवर पीएम २.५, पीएम १० (म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण), तापमान आणि आर्द्रता दिसते, मोबाईलवर दिवसभराचा ग्राफ. साडेचार हजाराच्या आसपास पडला. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून बारीक कण, आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे अंदाज करा, हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक तर रक्तातसुद्धा. माझ्या सासऱ्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, डॉक्टर दर थंडीत सांगतात की बाबांना धुरा-धुळीपासून जपा, पण जपायचं म्हणजे नक्की कधी आणि कशापासून हे कोणी सांगत नाही, त्यासाठी घेतलं.

पहिली गोष्ट करायची ती म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन स्केल बदलायचं. हवा किती वाईट ते एका आकड्यात आणि रंगात सांगणारा एक्यूआय मीटर अमेरिकन स्केलवर दाखवतं. तीच हवा, म्हणजे समजा एक घनमीटर हवेत पीएम २.५ चे कण ६० मायक्रोग्रॅम असतील, तर आपल्या सरकारी स्केलवर एक्यूआय १०० येतो आणि त्याला 'समाधानकारक' म्हणतात, तीच हवा अमेरिकन स्केलवर १५० च्या वर जाते आणि लाल होते. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर जे स्क्रीनशॉट फिरतात, एकात हिरवं आणि एकात लाल, त्यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही, स्केल वेगळं असतं. मी तर एक्यूआय बघणंच सोडलं, थेट मायक्रोग्रॅम बघते. आपलं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ केलंय, म्हणजे आपण ज्याला समाधानकारक म्हणतो त्याची वरची हद्द त्यांच्या चौपट आहे, बाबांसारख्या पेशंटच्या घरात हे माहीत असलंच पाहिजे.

दुसरं असं की सरकारी एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो, आणि मोजणारं सेंटर आपल्या घरापासून कितीतरी किलोमीटरवर असतं. पुण्यात त्या बाबतीत आपण खरंतर नशीबवान आहोत, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' ही हवा मोजायची यंत्रणा इथे २०१३ पासून आहे, शिवाजीनगर, हडपसर, कात्रज, भोसरी असे वेगवेगळे आकडे मिळतात, कित्येक लहान शहरांत एवढीही सोय नाही. पण सरासरीत आपल्या गल्लीतला सकाळचा तासभर कुठे दिसणार. मीटरचं खरं काम इथे सुरू होतं.

आम्ही वारज्यात राहतो, हायवेच्या बायपासपासून जवळच. रोज सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मध्ये ग्राफला एक टोक यायचं, तीस-चाळीसवरून एकदम नव्वद-शंभर. मी धरून चालले होते की हायवेच्या गाड्या असणार. मग एक दिवस मीटर बाल्कनीत ठेवून उभी राहिले तर खाली आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशी खराट्याने पार्किंग आणि बाहेरचा रस्ता झाडत होत्या, शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे तिथली सिमेंटची पूड सगळी रस्त्यावर पडलेली, ती उडत होती, आणि त्याच वेळी कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी पाला आणि त्यातलं प्लास्टिक पेटवलेलं होतं. बाबा नेमके त्या वेळेला फिरायला जात होते! सकाळची हवा चांगली म्हणून!

मी खाली जाऊन मावशींना म्हटलं, मावशी, जरा पाणी मारून झाडता येईल का, फार धूळ उडते हो. त्या म्हणाल्या, "ताई, मला काय हौस आहे का धूळ खायची, पण सकाळी नळाला पाणी कुठंय, टँकर येतो नऊला." आणि खरंच होतं ते. सगळ्यात जास्त ती धूळ त्यांच्याच नाकात जात होती, तोंडाला ओढणी बांधलेली बस. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये ग्राफ दाखवला, झाडायची वेळ टँकरनंतर घेतली, त्यांना चांगले मास्क आणून दिले, आणि बिल्डरच्या सुपरवायझरला सांगून रस्त्यावरची पूड त्यांच्याच माणसांकडून ओली करून उचलायला लावली. नुसतं "धूळ होते" म्हटलं असतं तर पुढच्या मीटिंगवर गेलं असतं, आकडा दाखवला म्हणून लोक बसून बोलले. पाला जाळणं मात्र अजून पूर्ण बंद नाही झालं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५००० रुपये दंड ठरवलाय, पण सकाळी साडेसहाला तिथे बघायला कोण येणार, आणि जाळणारा हा बहुतेक वेळा झाडलोट करणारा गरीब माणूसच असतो, त्याचा कचरा उचलायची गाडी वेळेवर येत नाही हा मूळ प्रश्न.

रात्रीचा ग्राफ बघून जास्त वाईट वाटलं. अकरानंतर आकडा चढायला लागतो आणि पहाटेपर्यंत खाली येत नाही. दोन गोष्टी एकत्र होतात, एक तर जड वाहनं रात्री जास्त, आणि दुसरं म्हणजे थंडीत जमिनीजवळची हवा गार पडते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो, भांड्यावर झाकण ठेवावं तसा, मग खालचा धूर वर जाऊच शकत नाही. दुपारी ऊन तापलं की तो थर फुटतो आणि त्याच रस्त्यावर गाड्या चालू असूनही आकडा निम्म्यावर येतो. म्हणून आता आमच्याकडे थंडीत खिडक्या दुपारी बारा ते चार उघड्या आणि रात्री बंद, आणि बाबांचं फिरणं संध्याकाळी पाचच्या आत. एवढ्या एका बदलाने त्यांचा खोकला बराच कमी झालाय असं आम्हाला वाटतं, बाकी डॉक्टरांनी औषधंही बदलली होती त्यामुळे सगळं श्रेय मीटरला देत नाही.

गाड्यांबद्दल लोक म्हणतात की बीएस-६ हे धुराचं नवं कडक मानक आलं, आता धूर कुठे आहे. १ एप्रिल २०२० पासून ते लागू झालं हे खरं, इंधनातलं सल्फर ५० पीपीएमवरून (म्हणजे दहा लाखात ५० भाग) १० वर आलं, हा मोठाच फायदा आहे. पण रस्त्यावर जुने ट्रक, टेम्पो, डंपर आहेतच की, आणि पीयूसीमध्ये डिझेलच्या धुराचा काळेपणा आणि पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोकार्बन एवढंच बघतात, बारीक कण किती निघतात ते बघतच नाहीत. शिवाय टायर आणि ब्रेक झिजून निघणारी पूड, ती तर इलेक्ट्रिक गाडीचीही निघते.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते. फोडणी दिली, मिरच्या भाजल्या की मीटर शंभर-दीडशे सहज दाखवतं, एक्झॉस्ट लावला की दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. उदबत्ती त्याहून चिवट, आणि मच्छर कॉइल सगळ्यात वाईट, बंद खोलीत कॉइल लावल्यावरचा आकडा बघून आम्ही त्याच दिवशी ती बंद केली आणि जाळ्या बसवून घेतल्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाल्कनीत समोर लड लागली तेव्हा ९९९ वर जाऊन थांबलं, त्याच्या पुढे हे मीटर दाखवतच नाही.

माझा मोठा भाऊ दिल्लीत असतो, त्याने हेच मीटर घेतलं. दादा नोव्हेंबरमध्ये फोटो पाठवायचा, खोली बंद असूनही तीन आकडी. तिकडे सगळं पराळीवर, म्हणजे कापणीनंतर शेतात जाळलेल्या भाताच्या काडावर ढकलतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिचा वाटा असतोच, पंजाबात २००९ च्या भूजल कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलली, पाणी वाचावं म्हणून, मग कापणी आणि गव्हाच्या पेरणीत दिवसच थोडे उरतात आणि शेतकरी काडी लावून मोकळा होतो. पण डिसेंबर-जानेवारीत पराळी संपलेली असते तरी दादाचं मीटर उतरत नाही, तेव्हा गाड्या, कारखाने, वीटभट्ट्या, कचरा, शेकोट्या हे सगळं घरचंच. आणि आपल्याकडे याचं उलटं चालतं, दिल्लीचा आकडा बघून आपण म्हणतो पुणं-मुंबई ठीक आहे. मुंबईला समुद्र असूनही थंडीत वारा पडला की काय होतं ते २०२३ ला सगळ्यांनी बघितलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे लावा, पाणी मारा, डंपर झाकून न्या असे नियम काढले. नियम चांगलेच आहेत, आमच्या शेजारच्या साइटवर त्यातलं निम्मं जरी झालं असतं तरी मावशींच्या नाकातोंडात पूड गेली नसती.

आता एक स्टार का कापला ते. पीएम १० चा आकडा या मीटरचा धरू नका. लेझर बारीक कण बऱ्यापैकी पकडतो पण जाडे कण नीट मोजत नाही, बारीकवरून अंदाजाने १० चा आकडा काढतो. म्हणजे सिमेंटच्या धुळीचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. धुक्यात उलटं होतं, आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि मीटर जास्त दाखवतं, त्यामुळे धुक्याच्या सकाळी आकडा बघून घाबरू नका. आणि वायू अजिबात कळत नाहीत, नायट्रोजन डायऑक्साईड, ओझोन काहीच नाही. मे महिन्यात दुपारी मीटर हिरवं दाखवत असतं, पण ऊन आणि गाड्यांचा धूर मिळून ओझोन तयार होतो तो त्याला दिसत नाही, म्हणून बाबांना उन्हाळ्यात दुपारचं बाहेर सोडायला हिरवा रंग पुरेसा नाही. या गोष्टी बॉक्सवर कुठेच लिहिलेल्या नाहीत आणि त्या लिहायलाच पाहिजेत, आजारी माणसाच्या घरचे लोक या आकड्यावर निर्णय घेतात. अॅपला लोकेशन दिल्याशिवाय ग्राफ दिसत नाही हेही पटलं नाही. कस्टमर केअरला आर्द्रतेबद्दल विचारलं तर "मॅडम, रीस्टार्ट करून बघा" एवढंच उत्तर.

प्युरिफायरचं काय, तर शेजाऱ्यांचा दोन दिवस आणून मीटर लावून बघितला. बेडरूम बंद करून अर्ध्या तासात ऐंशीवरून पंधराच्या खाली आला, म्हणजे त्यातला हेपा, म्हणजे बारीक कण अडवणारा फिल्टर काम करतो यात शंका नाही. खिडकी उघडली की मात्र पाच-सात मिनिटांत जैसे थे. बाबांच्या खोलीसाठी आम्ही नंतर एक घेतला, थंडीचे चार महिने रात्री चालतो, बाकी घराला घेतला नाही. पावसाळ्यात तर तो झाकूनच ठेवतो, जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचाच आकडा दहा-बाराला असतो. प्युरिफायर घेताना खोलीच्या मापाप्रमाणे सीएडीआर, म्हणजे तो ठरावीक वेळात किती हवा साफ करतो तो आकडा बघा आणि फिल्टर बदलायचा खर्च आधी विचारा. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारा भाग) असलेला घेऊ नका, त्यातून ओझोन निघू शकतो.

घ्यायचंच असेल तर : ज्यांच्या घरी दमा, सीओपीडी, लहान बाळ किंवा गरोदर बाई आहे त्यांनी नक्की घ्या. बाकीच्यांनी प्रत्येक फ्लॅटला एक घेण्यापेक्षा सोसायटीत मिळून एक-दोन घ्या आणि आठवडा-आठवडा फिरवा, पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे, जनरेटरपाशी, कारण वरच्या मजल्यावरचं आणि तळमजल्यावरचं रीडिंग एक नसतं आणि वॉचमनकाका तळमजल्यालाच दिवसरात्र बसतात. ठेवताना गॅसपासून, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून आणि बाथरूमच्या वाफेपासून लांब ठेवा. सुरुवातीला जवळच्या सरकारी सेंटरच्या आकड्याशी ताडून बघा, मीटर बाहेर सावलीत ठेवून, म्हणजे आपलं किती वर-खाली दाखवतं ते कळतं. महिन्यातून एकदा जाळी मऊ ब्रशने साफ करायची, सेन्सर दोन-तीन वर्षांत मंदावतो तेव्हा निदान वर्षाची वॉरंटी आणि बिल घेऊन ठेवा. आणि ज्यात आधीचा डेटा फाईलमध्ये काढता येतो तेच मॉडेल घ्या, वॉर्ड ऑफिसला तक्रार देताना आम्ही महिन्याचा ग्राफ छापून जोडला, तेव्हा कुठे त्या प्लॉटवर कचऱ्याची गाडी पाठवतो म्हणाले.