रेसिंग सिम्युलेटर: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

मी कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत) करतो आणि सरावाला कोल्हापूरला जातो. बेळगावहून जाऊन-येऊन अख्खा रविवार त्यातच जातो. मोटारींचा मोठा ट्रॅक हवा तर कोइम्बतूरचा कारी नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. त्यात आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की बसला. म्हणून घरात सिम्युलेटर (स्क्रीनसमोर सीट, स्टीअरिंग आणि पेडल) लावला आणि गेले काही महिने जवळजवळ रोज चालवतोय.

फ्रेम उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची करून घेतली, जुन्या गाडीची सीट बसवली. फ्रेम जड हवी. ब्रेक मारताना पेडलची पाटी हलली तर पायाला अंदाजच येत नाही. बजेट कमी असेल तर स्टीअरिंग व्हील साधं घ्या, पण ब्रेक लोडसेलचा घ्या. साधा ब्रेक पेडल किती खाली गेलं ते मोजतो, लोडसेल किती जोर लावला ते मोजतो. पायाच्या लक्षात राहतो तो जोर.

पण मला सांगायचंय ते डोक्याबद्दल. मी आयरेसिंग या शर्यतीच्या सॉफ्टवेअरवर ऑनलाइन शर्यती करतो. तिथं चाकं ट्रॅकबाहेर गेली की १ गुण चढतो, गाडी फिरली की २, दुसऱ्या गाडीला जोरात धडक बसली की ४. हे गुण जितके जास्त, तितकं तुमचं सेफ्टी रेटिंग खाली. आणि चूक कुणाची हे सिस्टिम बघतच नाही, धडकेचे ४ दोघांच्याही नावावर. आधी हे अन्यायाचं वाटतं. पण खऱ्या ट्रॅकवरही टाय रॉड (स्टीअरिंगची चाकाला जोडणारी दांडी) चूक कुणाची ते विचारून वाकत नाही! हे पटलं की ‘वळण माझं होतं’ हा हट्ट सुटतो. पुढच्या गाडीवाल्याला मी दिसतोय का, तो ब्रेक कुठं मारणार, हे दोन वळणं आधीच डोक्यात सुरू होतं.

शर्यत संपल्यावर रिप्ले समोरच्याच्या कॉकपिटमधून बघा. ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. आपण त्याच्या आरशात किती उशिरा दिसलो ते कळतं आणि राग तिथल्या तिथं उतरतो. पाऊस ओसरल्यावर कोल्हापूरला पहिल्यांदा कार्टमध्ये बसलो, तेव्हा सर म्हणाले, “घाई गेली की रे तुझी.”

काही गोष्टी मात्र सिम्युलेटर देत नाही. कार्टचं मागचं चाक घसरायला लागलं की आधी कमरेला कळतं; इथं फक्त हात आणि डोळे. बरगड्या दुखत नाहीत, मान भरून येत नाही, भीती तर नाहीच. पंख्याखाली शांत राहणं सोपं आहे. म्हणून मी एक नियम पाळतो: पहिल्याच लॅपला गाडी फिरली, शेवटचा नंबर आला, तरी शर्यत सोडायची नाही. एका बटणावर बाहेर पडायची सवय लागली तर हा सगळा सराव उलटा पडेल. दमल्यावरही चालवू नका, हात चुकीचं पाठ करतात.

आणखी एक, यूपीएस घ्याच आणि इंटरनेट वायफायवर नको, केबलनं जोडा. खानापूर, निपाणीकडचं कुणी घ्यायच्या विचारात असेल तर आधी बेळगावात टिळकवाडीत माझ्याकडे येऊन बसून बघा. सीट मागंपुढं होते.