वृद्धाश्रम, ज्येष्ठांची सोसायटी की शुश्रूषा केंद्र?

पुण्या-मुंबईत आईवडिलांसाठी जागा शोधायला निघालं की तीन अगदी निराळ्या व्यवस्था 'वृद्धाश्रम' या एकाच नावाखाली दाखवल्या जातात. बघायला जाणारे खोली, बाग, जेवण बघतात. मी आधी प्रवेश अर्ज मागेन. त्यात 'स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश' असं असेल, तर खुब्याचं हाड मोडल्यावर किंवा पक्षाघातानंतर 'यांना घेऊन जा' असा फोन तुम्हाला येणार, हे धरूनच चाला.

ट्रस्टच्या वृद्धाश्रमांत ही अट सर्रास असते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. पण ती सरकारला दिलेली मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे भार संस्थांवरच पडतो. खर्च तिन्ही व्यवस्थांत सर्वांत कमी, खोली बहुधा दोघा-तिघांत, चहा-जेवणाच्या वेळा ठरलेल्या. एकटी राहणारी, हिंडती-फिरती, पेन्शन बेताची आणि माणसांची आवड असलेली आजी इथे रमते. चहासुद्धा स्वतःच्या हातचाच लागणाऱ्या माणसाचे मात्र हाल होतात.

ज्येष्ठांची सोसायटी हा वेगळाच मामला. पुण्यातली 'अथश्री', नेरळची 'डिग्निटी' ही ओळखीची नावं. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, हवं तर स्वयंपाकघर, नाहीतर खाली मेस. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी नियम घातले: व्हीलचेअर जाईल अशी रुंद दारं आणि लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा वगैरे. दोघंही धडधाकट असतील तर सत्तरीच्या आसपास यासारखी सोय नाही. पण सदनिका विकत घेतली म्हणजे सेवा विकत घेतली असं होत नाही. न्हाणीघरातली बेल दाबली की कुणीतरी धावत येतं; पुढे रोजची अंघोळ घालायला बाई मात्र तुम्हीच शोधायची. शिवाय वयाची अट असल्याने वारस मुलाला तिथे राहता येईलच असं नाही. ऐंशीच्या पुढे विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर घ्यावी. आणि या व्यवहारासाठी राहतं घर घाईने विकू नये.

शुश्रूषा केंद्रात निजलेल्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेतात: डायपर, नाकातली नळी, कॅथेटर, सगळं. बरीच केंद्रं भाड्याच्या बंगल्यांत चालतात आणि दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सकाळी अकराला, आधी कळवून गेलात तर सगळं छानच दिसेल. रात्री आठ-नऊला जा. रात्रपाळीला किती जण आहेत, त्यांतली शिकलेली नर्स कोण आणि नुसत्या मावशी किती, ते विचारा. दर दोन तासांनी कूस बदलल्याची वही दाखवायला सांगा. ती नसेल तर बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होण्याची भीती धराच. ॲम्ब्युलन्समध्ये सोबत कोण जाणार आणि मुलगा अमेरिकेत झोपेत असताना ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, हेही आधीच ठरवून घ्यावं. स्मृतिभ्रंश असेल तर वेगळा विभाग आणि भटकणारा माणूस बाहेर निसटू नये म्हणून राखण असलेलं दार, एवढं तरी हवंच.

पैशाचा हिशेब करताना विमा मोजू नका. मेडिक्लेममध्ये विश्रांती किंवा नुसती देखभाल यासाठी राहणं सहसा वगळलेलं असतं. 70 वर्षं आणि त्यावरच्यांना आयुष्मान भारत या सरकारी योजनेत मिळणारं वर्षाला 5 लाखांचं कवच रुग्णालयातल्या उपचारांपुरतं आहे, शुश्रूषा केंद्राच्या मासिक बिलासाठी नाही.

घरीच ब्युरोची, म्हणजे देखभालीला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, चोवीस तासांची बाई ठेवणं हाही मार्ग आहेच. गावात लक्ष ठेवणारं आपलं कुणी असेल तर निजलेल्या माणसासाठी मला तोच बरा वाटतो. सगळेच परदेशी असतील तर नको. बाई न सांगता सुट्टीवर गेली की दार उघडायलाही कुणी नसतं.

सर्वांत अवघड निवड जोडप्याची. वडिलांना काही आठवत नाही, आई ठणठणीत. अशा वेळी एकाच आवारात सोसायटी आणि देखभाल विभाग दोन्ही असलेली जागा लांब असली, महाग असली तरी आधी ती बघा. शहरातल्या दोन टोकांना दोघं राहिली तर रोजच्या रिक्षेने आईच आजारी पडते. करारात मात्र एक ओळ लिहून घ्या: दोघांपैकी एक गेल्यावर उरलेल्याला तीच खोली राहील का, आणि किती पैशांत.