तानपुरा चालू, कॉल बंद: लिनक्सवर साउंड कार्ड कोणाच्या ताब्यात द्यावं?

ग्वाल्हेरला घरून ऑनलाइन गाणं शिकवताना लॅपटॉपवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, व्हिडिओ कॉल आणि रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, असं तिन्ही एकदम लागतं. लॅपटॉपमधलं साधं कार्ड एका वेळी एकाच प्रोग्रामचा आवाज घेतं, म्हणून एखाद्याने ते थेट उघडलं की बाकीच्यांना 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर मिळतं. सगळ्यांचे आवाज एकत्र करणारं कुणीतरी मध्ये असावं लागतं. ते कोण, एवढंच ठरवायचं आहे.

काहीही बदलण्याआधी टर्मिनलमध्ये फ्यूजर (fuser) ही आज्ञा चालवून कार्ड कुणी धरून ठेवलंय ते बघा. पुष्कळदा ऑडॅसिटीच सापडते. तिच्या सेटिंगमध्ये 'एचडब्ल्यू' (hw, म्हणजे थेट कार्ड) लिहिलेलं डिव्हाइस सोडून 'डिफॉल्ट' निवडलं की भांडण मिटतं आणि पुढचं काहीच करावं लागत नाही.

नुसत्या अल्सावर (ALSA, लिनक्सची मूळ साउंड यंत्रणा) तिच्यातल्या डीमिक्स या आवाज मिसळणाऱ्या भागाने भागतं. तो हलका आहे, पण फक्त ऐकण्याच्या बाजूचा. माइक वाटून घ्यायला डीस्नूप वेगळा. ब्लूटूथ हेडफोन असेल तर या वाटेला जाऊ नये.

पल्सऑडिओ हा आवाज एकत्र करणारा साउंड सर्व्हर फेडोरा ८ (फेडोरा आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्या) पासून, म्हणजे २००७ पासून, घरोघरी पोचला. शिकवणीपुरता तो उत्तम. उबुंटू २२.०४ वर तो नीट चालत असेल तर हात लावू नका.

गळ्याबरोबर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत रेकॉर्ड करायचं असेल तर मात्र उशीर जाणवतो. त्यासाठी जॅक (JACK) हा कमी उशीर लावणारा साउंड सर्व्हर. ४८,००० हर्ट्झला १२८ फ्रेमचा बफर (एका वेळी पुढे पाठवला जाणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. पण जॅक कार्ड पूर्ण आपल्याकडे घेतो, आणि तासाच्या मध्येच कॉल मुका होतो. शिष्यासमोर हे फार वाईट वाटतं.

म्हणून नव्या मशीनवर माझं मत ठामपणे पाइपवायर या नव्या साउंड सर्व्हरला. पल्सऑडिओचे आणि जॅकचे प्रोग्राम तो एकत्र चालवतो, बफरही लहान करता येतो. फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० पासून तो आयताच मिळतो. जुन्यावर स्वतः बसवलात तर पल्सऑडिओची सेवा बंद करायला विसरू नका, नाहीतर दोघे त्याच कार्डासाठी झगडतील. मग टर्मिनलमध्ये 'पॅक्टल इन्फो' (pactl info) ही आज्ञा द्या: सर्व्हरच्या नावापुढे 'ऑन पाइपवायर' (on PipeWire) दिसलं पाहिजे.