ग्रबमधला एक आकडा बदलायचे १,८०० रुपये, आणि वर १,२००: इंदूरमधला एक प्रकार

इंदुरात भंवरकुआं भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाने एका मराठी विद्यार्थिनीकडून लॅपटॉपच्या ‘बूटलोडर ऑप्टिमायझेशन’चे १,८०० रुपये घेतले. लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. थोड्याच दिवसांत पुन्हा १,२०० रुपये घेतले. पहिलं बिल फक्त एका फाइलीतला आकडा बदलण्याचं होतं. दुसरं बिल दुकानाने स्वतःच केलेल्या बिघाडाचं होतं. त्या भागात शिकायला आलेल्या मुलांच्या लॅपटॉपवर ही जोडी सर्रास असते, म्हणून सगळं तपशिलात लिहीत आहे.

तिची मूळ तक्रार साधी होती: लॅपटॉप सुरू केला की ग्रबचा, म्हणजे विंडोज की उबुंटू हे विचारणाऱ्या बूटलोडरचा, मेनू बराच वेळ तसाच थांबून राहतो. दुकानात उत्तर मिळालं, “भिया, ग्रब पुराना हो गया है, कस्टम लोडर डालना पड़ेगा.” हे धादांत खोटं आहे. ग्रब जुना झाला म्हणून मंदावत नाही. मेनू थांबतो तो तुम्ही काही निवडाल याची वाट पाहत. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये ही वेळ शून्य असते, पण शेजारी विंडोज सापडलं की ती आपोआप १० सेकंद होते. त्यामुळे तिथे शून्य लिहून काही उपयोग नाही, पुन्हा दहाच सेकंद मोजले जातात. १ किंवा २ लिहावं लागतं.

हे काम घरी दोन मिनिटांत होतं. ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट’, आणि त्यात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. ती ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) वापरून उघडा, ‘ग्रब टाइमआउट’च्या ओळीत २ लिहा, जतन करा आणि टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ही शेवटची आज्ञा राहिली तर बदल लागूच होत नाही. एकने दोन सिस्टीममधून निवडायला फार घाई होते, दोन बरे. बॅटरी संपून किंवा वीज जाऊन मशीन सुरू होता होताच बंद पडलं, तर पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद थांबू शकतो. ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे, बिघाड नव्हे.

दुकानाने नेमकं हेच केलं होतं. कस्टम लोडरचा मागमूसही नव्हता. त्या फाइलीवर बदलाची तारीख दुकानात लॅपटॉप दिला त्या दिवसाचीच होती.

खरं नुकसान पुढे आहे. विंडोजच्या डी ड्राइव्हला जागा वाढवून देतो म्हणून त्यांनी उबुंटूचं स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) उडवलं, आणि तिला सांगितलं नाही. सुरू होताना कुठली पार्टिशन जोडायची याची यादी ‘ईटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’ फाइलीत असते. तिच्यात त्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तसाच राहिला. आता दर वेळी उबुंटू सुरू होताना नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहू लागलं. काळ्या पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि पुढे चढत जाणारे सेकंद दिसतात. दहा सेकंद कमी करायला दिलेलं मशीन दीड मिनिट अडकू लागलं! ती तक्रार घेऊन गेली, तर ‘हार्ड डिस्क कमजोर’ म्हणून दुसरं बिल लावलं. दुरुस्ती काय, तर ती ओळ बंद करायला तिच्या सुरुवातीला # लावलं.

तुमच्याकडे हेच दिसलं तर ‘सुडो बीएलकेआयडी’ चालवून आलेले यूयूआयडी एफएसटॅबमधल्या ओळींशी ताडून पाहा. जो क्रमांक कुठेच सापडत नाही, तीच ओळ बंद करा. मुळाच्या (/) किंवा घरच्या (/home) पार्टिशनच्या ओळीला हात लावू नका, नाहीतर सिस्टीम उघडणारच नाही. सुरुवातीलाच आणखी काही सेकंद जात असतील, तर ‘ईटीसी’मधल्या ‘इनिटरामएफएस-टूल्स’च्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरमधली ‘रिझ्यूम’ फाइल पाहा. तिथेही तोच जुना क्रमांक राहिलेला असू शकतो. तो बदलल्यावर ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा.

दुकानात देण्याआधी आणि परत आणल्यावर ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ’ ही सुरू व्हायला लागलेला वेळ दाखवणारी आज्ञा चालवून त्याचा फोटो काढून ठेवा. यूईएफआयच्या (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या) मशीनवर फर्मवेअर, लोडर (म्हणजे ग्रब), कर्नल (उबुंटूचा गाभा) आणि युजरस्पेस (त्यानंतर सुरू होणाऱ्या सेवा) यांचा वेळ सहसा वेगवेगळा दिसतो. मेनूची थांबलेली वेळ लोडरच्या आकड्यात येते. लोडर १२ सेकंद दिसत असेल, तर त्यातले दहा मेनूचेच आहेत हे कोणालाही दाखवता येतं. युजरस्पेस मोठा असेल, तर लोडरला हात लावून काही साधत नाही.

विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी उतरवून घ्या. कोणी सिक्युअर बूट (फर्मवेअरमधली सुरक्षेची सेटिंग) बंद-चालू केलं तर विंडोज ती मागतं, आणि ती नसली की ‘डेटा रिकव्हरी’च्या नावाने नवं बिल तयार होतं.

बिलावर नुसतं ‘सॉफ्टवेअर सर्व्हिस’ लिहू देऊ नका. कुठली फाइल बदलली, कुठलं पार्टिशन काढलं, ते लिहून घ्या. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दुरुस्तीच्या सेवेलाही लागू होतो आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. त्या वेळी बिल, दोन्ही वेळचे फोटो आणि फाइलीवरची तारीख हाताशी ठेवा.