पेपरच्या सूचना: मुळातच बंद कराव्यात की फिल्टर लावावा?

नांदेड, लातूर, संभाजीनगरकडच्या पीएचडी करणाऱ्या पोरांचा इनबॉक्स उघडा, तो शोधनिबंधांच्या (पेपरच्या) संकेतस्थळांकडून आलेल्या सूचनांनी भरलेला असतो: ‘तुमचा उल्लेख झाला’, ‘अमक्यांनी नवा पेपर टाकला’, ‘तुमचं प्रोफाइल कुणीतरी पाहिलं’. या गर्दीत गाइड सरांचा मेल खाली जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जीमेलचा फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारा नियम, सोपा वाटतो. मेल उघडायचा, तीन टिंबांवर दाबून फिल्टर करायचा, इनबॉक्स टाळून लेबल लावायचं. पण मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. त्यासाठी संगणक लागतो, आणि गावाकडे राहणाऱ्या कितीतरी जणांचं सगळं काम फोनवरच चालतं. शिवाय मेल येतच राहतात. गूगलच्या फुकटच्या 15 जीबी जागेत मेलसोबत ड्राइव्ह आणि फोटोही असतात, हे विसरू नका.

सूचना पाठवणाऱ्या संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचनांचा एकेक प्रकार बंद करणं किचकट आहे, पण मी तेच करायला सांगेन. प्रोफाइल पाहिल्याची सूचना बंद, उल्लेखाची चालू, बाकीचं जमल्यास आठवड्यातून एकदा. मेलच्या तळाशी असलेल्या अनसबस्क्राइबवर घाईने दाबू नका. कधी कधी त्याने कामाच्या सूचनाही थांबतात. निव्वळ जाहिरातीच्या मेलना मात्र बेलाशक दाबा. दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने 2024 पासून अशा मेलसाठी एका क्लिकची सोय बंधनकारक केली आहे.

फिल्टर ठेवा तो गूगल स्कॉलरच्या (शोधनिबंध शोधायच्या गूगलच्या सेवेच्या) अलर्टसाठी, म्हणजे तुमच्या विषयावर नवं काही आलं की येणाऱ्या मेलसाठी. विषय सोयाबीनचा असेल तर लेबलही ‘सोयाबीन’च द्या, आणि रविवारी निवांत वाचा.